पंप घ्या, बोअर राहू द्या

सोलापुरात इमारत उबदार ठेवायची वेळ सहसा येत नाही. गड्ड्याची जत्रा भरते त्या सुमारास पहाटे पारा उतरतो, मंडळी चादर डोक्यावरून ओढून घेतात, आणि दहा वाजता तीच मंडळी स्वेटर काखोटीला मारून उन्हातून सावलीत सरकतात. आपला हिवाळा एवढाच. तरीही जमिनीतली उष्णता उपसून इमारती उबदार करणाऱ्या तंत्राबद्दल आपण बोलायला हवं, कारण ते आता सरकारी कागदात आलं आहे. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केलं, त्यात ग्राउंड सोर्स हीट पंपालाही, म्हणजे याच तंत्राला, जागा आहे. धोरण आलं की सल्लागार येतात, त्यांच्यामागून सादरीकरणं येतात, आणि एखाद्या नव्या प्रशासकीय इमारतीच्या अंदाजपत्रकात ‘भूऔष्णिक वातानुकूलन’ अशी ओळ कधी घुसली ते कोणाला कळत नाही. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव लागलेल्या गावाला हे नव्याने सांगायला नको.

ती ओळ घुसण्याआधी माझं म्हणणं मांडतो. या तंत्रातला पंप सोलापूरच्या फार उपयोगाचा आहे. त्याच्यासोबत येणारं बोअर मात्र आपल्या उपयोगाचं नाही. पण अनुदान आणि उद्घाटन यांचा ओढा बोअरकडेच असणार, कारण नवलाईचं दिसतं ते तेच.

आधी एक गैरसमज बाजूला करू. वज्रेश्वरीची किंवा उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडं इथे अभिप्रेत नाहीत. ती खोलवरून वर येणारी उष्णता. ग्राउंड सोर्स पंपाला तसली गरम जमीन लागतच नाही, त्याला लागते न बदलणारी जमीन. दहा-पंधरा मीटर खाली गेलं की मे आणि डिसेंबर यांतला फरक पुसला जातो. तिथलं तापमान वर्षभर साधारण एकच, आणि ते त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. त्या खोलीत नळ्या सोडायच्या, नळ्यांतून पाणी फिरवायचं, आणि त्या पाण्यातली उष्णता कंप्रेसरने वरच्या तापमानाला चढवून घरात सोडायची. घरचा फ्रिज हेच करतो. आतल्या भाजीतली उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात टाकतो. फ्रिजच्या मागे हात धरून पाहिला की हीट पंपाचं निम्मं शास्त्र हाताला लागतं.

ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये ती मांडली आणि जमिनीतून उष्णता घेण्याचं पेटंट १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नोंदलं गेलं. खरी भरभराट मात्र १९७३ च्या तेलटंचाईनंतर स्वीडनमध्ये झाली. तेलावर घरं तापवणाऱ्या त्या देशाने अंगणात बोअर पाडायला सुरुवात केली, आणि आज तिथे असे पंप लाखांनी मोजावे लागतात. त्यामागचं गणित सरळ आहे. स्टॉकहोममध्ये जानेवारीत बाहेरची हवा उणे दहाला गेली तरी जमिनीखाली सात-आठ अंश असतात. उणे दहाच्या हवेतून उष्णता खेचण्यापेक्षा सात अंशांच्या खडकातून खेचणं कितीतरी सोपं. एक युनिट वीज घातली की तीन-चार युनिट उष्णता घरात येते. बोअरचा खर्च त्यांनी केला तो हवा दगा देते म्हणून.

आता तेच गणित सोलापूरला लावू. आपली वार्षिक सरासरी २७-२८ अंशांच्या घरात. म्हणजे खाली खडकही साधारण तेवढाच. आपल्याला घर तापवायचं नाही, थंड करायचं आहे, तेव्हा पंप उलटा चालवून खोलीतली उष्णता जमिनीत टाकायची. कागदावर हे आकर्षक दिसतं. मे महिन्यात दुपारी तीनला बाहेर ४२ आणि खाली २८, म्हणजे चौदा अंशांचा फायदा. सादरीकरणातली आकृती इथेच थांबते.

पुढचा हिशोब आपणच करू. खडकात उष्णता ढकलायची तर नळीतलं पाणी खडकापेक्षा गरम हवं. ते ३५-३६ अंशांवर जातं, आणि चौदाचा फायदा सहा-सात अंशांवर येतो. एका अंशामागे एसीची वीज ढोबळमानाने दोन-तीन टक्के वाचते असं धरलं, तर मे महिन्याच्या ऐन दुपारी पंधरा-वीस टक्के बचत. त्यातून पाणी फिरवणाऱ्या मोटारीची वीज वजा करायची. आणि ही झाली वर्षातली सर्वांत चांगली वेळ. जुलैत पाऊस लागला की दुपारी बाहेर एकतीस-बत्तीस असतं, रात्री बावीस-तेवीस. त्या रात्री साधा एसी आपली उष्णता तेवीस अंशांच्या हवेत टाकतो, आणि बोअरवाला एसी तीच उष्णता ३४ अंशांच्या पाण्यात कोंबत बसतो. म्हणजे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, रात्री तर नक्कीच, भिंतीवरचा गावठी आउटडोअर युनिट या महागड्या यंत्राला हरवतो.

खर्चाचं माप तर सोलापूरकराला समजावून सांगायलाच नको, बोअरचा दर फुटावर चालतो हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. दीड टनाचा एक एसी खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता काढतो. कंप्रेसरची वीज मिळवली की साडेसहा-पावणेसात किलोवॉट बाहेर टाकावी लागते. बोअरचा एक मीटर साधारण ३० ते ५० वॉट पेलतो. मधला ४० चा आकडा धरा. उत्तर येतं १६५ मीटरच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे फूट. एका खोलीच्या एका एसीसाठी! शंभर टनांचा एसी लागणाऱ्या इमारतीला अशी किती बोअरं लागतील, त्यांना एकमेकांपासून पाच-सहा मीटर लांब ठेवायचं तर केवढं आवार लागेल, ते वाचकाने मांडून पाहावं. आणि हे ज्या राज्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घालणारा २००९ चा भूजल कायदा आहे, त्या राज्यात. बंद नळीच्या बोअरमध्ये पाणी उपसायचं नसतं हे खरं. पण टंचाईच्या गावात पाचशे फूट खाली गेलेलं भोक ‘फक्त उष्णतेसाठी’ राहील यावर माझा विश्वास नाही. शेजारच्या उभ्या उसाचा तर मुळीच नाही.

मग नळ्या कमी खोल पसरू, असं कोणी सुचवेल. दोन मीटर खोल चर खणून आडव्या नळ्या अंथरण्याची पद्धत युरोपात आहे. आपल्याकडे मध्ये येते ती काळी माती. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. नळीला माती चिकटून असेल तरच उष्णता जाते. एप्रिल-मेमध्ये, नेमकी गरज असते तेव्हाच, ही माती सुकून नळीपासून सुटते आणि मधल्या पोकळीत हवा शिरते. काळी माती जिथे संपते तिथे बेसॉल्ट लागतो. उष्णता वाहून नेण्यात बेसॉल्ट ग्रॅनाइटच्या मागे पडतो. स्वीडनच्या अंगणातला खडक या बाबतीत आपल्यापेक्षा नशीबवान आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र मातीची किंवा खडकाचीही नाही. स्वीडनमध्ये हिवाळ्यात जमिनीतून काढलेली उष्णता उन्हाळ्यात काही प्रमाणात परत भरली जाते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने सुमारे ३६०० बोअरं पाडून कोळशाचे बॉयलर बंद केले. तिथेही तोच व्यवहार आहे. उन्हाळ्यात इमारतींतली उष्णता जमिनीत ठेवायची, हिवाळ्यात काढून घ्यायची. त्या गावाला दोन्ही ऋतू आहेत. आपल्याकडे फक्त भरणाच, उचल नाही. टाकलेली उष्णता खडकात मुरत राहते आणि दरवर्षी तळ थोडा वर सरकतो. हे नुसतं तर्काचं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेभोवतीची चिकणमाती शंभर वर्षांपूर्वी चौदा अंशांच्या आसपास होती. तेव्हा उन्हाळ्यात गारव्यासाठी भुयारात या, अशी जाहिरात होत असे. गाड्यांची आणि माणसांची उष्णता शतकभर शोषून त्याच मातीचं तापमान आज १९ ते २६ अंशांपर्यंत गेलं आहे, आणि ते खाली कसं आणायचं हा तिथल्या अभियंत्यांपुढचा कायमचा प्रश्न झाला आहे. लंडनसारख्या थंड शहरात ही गत, तर २८ अंशांवरून सुरुवात करणाऱ्या सोलापूरचं काय होईल?

दिल्लीजवळ गुरुग्रामला टेरी संस्थेच्या इमारतीत चार मीटर खोल भुयारांतून हवा फिरवून ती उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट करतात. ते उदाहरण दाखवून ‘भारतातही चालतं’ असं सांगितलं जातं. चालतं, कारण तिथे हिवाळा आहे. लेह किंवा श्रीनगरला कोणी सरकारी पैशातून ग्राउंड सोर्स पंप बसवणार असेल तर मी टाळ्या वाजवीन. तिथे जवान आणि रुग्ण डिझेलवर, लाकडावर खोल्या तापवतात. त्या धोरणाचा पहिला रुपया तिकडेच जावा.

आता पंपाची बाजू. माझ्या मते सोलापूरने उभा करायचा मुद्दा हा आहे, आणि याच्यावर आपल्याकडे जवळजवळ कोणी बोलत नाही. आपल्याला घरांसाठी उष्णता लागत नाही, पण धंद्यासाठी ती पिंपाने लागते. चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं हे गाव. त्या चादरीचं सूत मागावर चढण्याआधी डाय हाऊसमधून जातं. धुणं, ब्लीच करणं, रंगवणं, पुन्हा धुणं, साबण लावून उकळणं, या सगळ्याला साठ ते नव्वद अंशांचं पाणी लागतं, आणि ते तापतं लाकडावर नाहीतर कोळशावर पेटणाऱ्या बॉयलरवर. एकदा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डाय हाऊसच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहावं. निळं-तांबडं पाणी गटारात पडतं तेव्हा त्यातून वाफ निघत असते. पुढच्या दाराने लाकडाची गाडी आत येते आणि मागच्या गटारातून त्याच लाकडाची ऊब बाहेर जाते. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू चाळीस अंशांच्या वर तग धरत नाहीत, म्हणून तेच पाणी पुढे मुद्दाम निववावंही लागतं.

हीट पंपाला याहून चांगलं खाद्य कुठे मिळणार? खाली २८ अंशांचा खडक शोधत पाचशे फूट जाण्याऐवजी पन्नास अंशांचं पाणी दाराशी वाहतंय. आधी साध्या हीट एक्स्चेंजरने, म्हणजे दोन पाणी एकमेकांत न मिसळता शेजारून वाहू देणाऱ्या जाळीने, त्यातली जमेल तेवढी उष्णता येणाऱ्या ताज्या पाण्याला द्यायची. त्यात कंप्रेसर नाही, वीजही जवळजवळ नाही. उरलेली उष्णता पंपाने उचलून ऐंशीपर्यंत न्यायची. पंपाला चढ जितका कमी, तितकं त्याचं काम हलकं. खडकातून ऐंशीला जायचं तर पन्नासाहून जास्त अंशांचा चढ आहे, गटारातून जायचं तर पस्तीस-चाळीसाचा. पहिल्या वाटेने एका युनिटला अडीचएक युनिट उष्णता मिळेल, दुसऱ्या वाटेने चारच्या आसपास. कारखानदाराच्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे. अडीचला तो बॉयलर सोडणार नाही, आणि त्याने सोडू नये. चारला तो निदान कागद-पेन घेऊन बसेल. नव्वद अंश पंपाला जमतात का, ही शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर मिळून गेलं आहे. नॉर्वेतल्या ड्रामेन शहरात अमोनियावर चालणारे पंप समुद्राच्या आठ-नऊ अंशांच्या पाण्यातून उष्णता घेऊन गावाला नव्वद अंशांचं पाणी पुरवतात. त्यांच्या आठ-नऊ अंशांच्या समुद्रापुढे आपलं पन्नास अंशांचं गटार म्हणजे श्रीमंतीच.

दुसरी जागा आंघोळीच्या पाण्याची. पंढरपूर आणि अक्कलकोटची भक्तनिवासं, वसतिगृहं, दवाखाने यांना पहाटे चार वाजल्यापासून गरम पाणी लागतं. इथे तर गटाराचीही गरज नाही, आपली हवाच पुरते. स्वीडनची हवा उणे दहाला जाते म्हणून त्यांना खडक लागला. आपली हवा दुपारी तिशीच्या फार खाली क्वचितच येते. हवेतून उष्णता घेणारा साधा पंप दुपारी चालवायचा, तोही छतावरच्या सोलर वीजेवर, आणि पाणी जाड आवरणाच्या टाकीत साठवून पहाटे सोडायचं. गीझरच्या तिसरा-चौथा हिस्सा वीज लागते. पंपाच्या दुसऱ्या तोंडातून थंड हवा निघते, ती स्वयंपाकघरात सोडली तर वरकमाई. दूध संकलन केंद्रात तर दोन्ही तोंडं कामाची आहेत. एकीकडे दूध चार अंशांवर न्यायचं, दुसरीकडे कॅन आणि टाक्या धुवायला गरम पाणी हवं. आज त्याच आवारात दूध गार करणारं यंत्र उष्णता हवेत फेकतं आणि दहा फुटांवर दुसरं यंत्र पाणी तापवतं.

‘मग उन्हाळ्याचं काय?’ हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून चालणार नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये मागावर बारा तास उभा राहणारा कामगार बनियनवर असतो, तरी खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, कारण कोरडं वारं लागलं की सूत तुटतं. जमिनीवर पाणी मारायचं आणि घाम पुसत धागा जोडायचा. या शेडला एसी परवडणार नाही, मग तो बोअरचा असो की बिनबोअरचा. पण सुताला जी आर्द्रता हवी आहे ती आणि माणसाला जो गारवा हवा आहे तो, दोन्ही एकाच गोष्टीतून मिळतात: पाण्याच्या बाष्पीभवनातून. आपल्या कडक उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. त्या वेळी थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर तो ४२ वरून चोवीसपर्यंत खाली येतो. खडकाच्या २८ पेक्षा हे चार अंश खाली, तेही एक फूट न खणता. छताला पांढरा थर, वर सावली, आणि चांगली ओल देणारी हवेची यंत्रणा, एवढ्यावर यंत्रमागाच्या शेडचा उन्हाळा बराच सुसह्य होईल.

‘पाणी कुठून आणणार?’ हा आक्षेप सोलापुरात पहिल्या वाक्यालाच येतो, आणि तो योग्य आहे. वर्षानुवर्षं तीन-चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात कूलर हा शब्दही जपून वापरावा लागतो. घरगुती कूलर आठ तासांत चाळीस-पन्नास लिटर पितो. पण एसी पाणी पीत नाही असं नाही, तो आपल्यासमोर पीत नाही, इतकंच. दीड टनाचा एसी आठ तासांत दहा-बारा युनिट वीज घेतो. कोळशाच्या वीजकेंद्राला एका युनिटमागे तीनेक लिटर पाणी लागतं, म्हणजे तीस-पस्तीस लिटर. फताटेवाडीचं १३२० मेगावॉटचं केंद्र उजनीचंच पाणी घेतं. आपल्या घरात आलेली वीज नेमकी त्याच केंद्राची असेल असं नाही, ग्रिडमध्ये सगळं मिसळतं, हे मान्य. तरी नळाखालची घागर आणि चिमणीखालचं तळं यांचा हिशोब एकाच वहीत मांडायला काय हरकत आहे? शेडसाठी तर शुद्ध केलेलं सांडपाणी गाळून वापरता येईल. महापालिकेकडे ते आहे.

कुंभारीला रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत उभी राहते आहे, त्यातल्या पंधरा हजारांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. विडी वळणाऱ्या, माग चालवणाऱ्या बायका-माणसांची ती घरं. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत बसतो. आजोबांच्या काळच्या माळवदाच्या छतावर हातभर माती असायची, तिच्यातून ऊन खाली यायला संध्याकाळ व्हायची. माळवद आता कोणी घालणार नाही, गळक्या छताच्या आठवणी अजून ताज्या आहेत. पण शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणून ठरावीक इमारतींना उन्हं परतवणारं छत बंधनकारक केलं. आपल्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे सोयरे तिकडे आहेत, विचारायला फार लांब जावं लागणार नाही.

म्हणून महापालिकेच्या किंवा कोणत्याही सरकारी इमारतीच्या निविदेत भूऔष्णिक वातानुकूलनाची ओळ दिसली, तर नगरसेवकांनी तीन आकडे मागावेत. वर्षाच्या बाराही महिन्यांची, दिवस-रात्रीची वीज, फक्त मे महिन्याच्या दुपारची नव्हे. दहा वर्षांनंतर बोअरमधल्या पाण्याचं तापमान किती असेल. आणि त्याच पैशात किती छतं पांढरी झाली असती. माझा अंदाज आहे, की दुसऱ्या आकड्यापाशीच सादरीकरण अडेल.

डाय हाऊससाठी मात्र अनुदान हवंच, कारण पंपाची किंमत एकट्या लहान कारखानदाराला झेपणारी नाही आणि लाकूड स्वस्त आहे. फक्त ते यंत्राच्या किमतीवर देऊ नये. यंत्र घेऊन कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवण्याचा अनुभव प्रत्येक औद्योगिक वसाहतीला आहे. गरम पाण्याच्या नळीवर उष्णता मोजणारं मीटर, पंपाच्या वायरीवर वीजमीटर, आणि दोन्हींच्या गुणोत्तरावर दर तीन महिन्यांनी पैसे. चारच्या वर गेला त्याला पूर्ण, तीनला निम्मे, अडीचला काही नाही. आठ-दहा डाय हाऊसनी मिळून एकच मोठा पंप घेतला आणि सगळ्यांची गटारं एका टाकीत आणली, तर माणशी खर्च आणखी खाली येईल. सांडपाण्याच्या सामायिक प्रकल्पाचा अनुभव वसाहतींना आहे. तिथली भांडणंही सगळ्यांना ठाऊक आहेत: कोणाचं पाणी किती, कोणाचं गरम, कोणी मीटर बंद ठेवला. ती इथेही होतील. निदान या वेळी भांडण गरम पाण्याच्या मोबदल्यावरून होईल, दंडावरून नाही.